बॉम्बर येणारच होते

१० नोव्हेंबर १९३२ रोजी ब्रिटिश संसदेत स्टॅन्ली बाल्डविन यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकली. लोकांनी कितीही आशा धरली तरी बॉम्बफेकी विमान शहरावर पोहोचणारच, आणि रस्त्यावरच्या सामान्य माणसाला त्यापासून वाचवेल अशी ताकद पृथ्वीवर नाही. बाल्डविन तेव्हा पंतप्रधान नव्हते, पण सरकारात त्यांच्याइतके वजन दुसऱ्या कुणाचे नव्हते. त्या काळच्या मानाने हे म्हणणे खोटेही नव्हते. बॉम्बर आणि त्यांना गाठायला निघालेली दुपंखी लढाऊ विमाने यांच्या वेगात फारसा फरक नव्हता, आणि शत्रू येतोय हे कळायचे ते त्याच्या इंजिनाची घरघर कानावर पडली की मगच.

आठच वर्षांनी लंडनवरच्या आकाशात ही भविष्यवाणी खोटी पडली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अर्धेच खरे आहे. बॉम्बर त्याही वेळी पोहोचले. १९४० मध्ये लंडनवर पोहोचले, १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर, १९४५ मध्ये टोकियोवर. येणारे प्रत्येक विमान लढाऊ वैमानिकांनी अडवले, असे त्या महायुद्धातल्या एकाही मोठ्या मोहिमेत घडले नाही. मग या वैमानिकांनी नेमके केले काय?

उत्तर गणिताचे आहे आणि जरा निर्दय आहे. ब्रिटनच्या बॉम्बर दलात वैमानिकाच्या एका पाळीत तीस मोहिमा असत. प्रत्येक मोहिमेत शंभरातली चार विमाने पडली, तर तिसाव्या मोहिमेनंतर शंभरातली साधारण २९ माणसे शिल्लक राहतात. दहा पडली तर चार. त्या एका रात्री शहर जळणार ते जळणारच, पण दहा टक्के नुकसान रोज सोसून कोणतेही हवाई दल फार काळ येत राहू शकत नाही. लढाऊ वैमानिक वाचवतो ते पुढच्या महिन्यातले शहर. आजच्या शहराबाबत त्याच्या हाती फार थोडे असते. ही कसोटी लावली की पराक्रमाच्या बऱ्याच कथा वेगळ्या दिसू लागतात.

ब्रिटनच्या लढाईची अधिकृत मुदत १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४०. तिच्यात सुमारे तीन हजार वैमानिक आणि विमानातील सहकारी लढले आणि ५४४ मारले गेले. ते सगळे इंग्रज नव्हते. पोलंडचे १४५ होते, न्यूझीलंड, कॅनडा, चेकोस्लोव्हाकिया, बेल्जियम अशा अनेक देशांचे होते. पोलिश वैमानिकांच्या ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये योसेफ फ्रान्तिशेक नावाचा एक चेक होता. शिस्तीशी त्याचे वाकडे होते आणि तो वाटेल तेव्हा एकटाच निघून जाई. सतरा विमाने त्याच्या नावावर लागली आणि ऑक्टोबरमध्ये तो अपघातात गेला. अशा माणसांवर चित्रपट निघतात, ते स्वाभाविकच आहे.

पण फ्रान्तिशेकला वर नेमक्या ठिकाणी कोण पाठवत होते? कॅले आणि डोव्हर यांच्यामधली खाडी ओलांडायला जर्मन विमानांना पाच-सहा मिनिटे पुरत. हुकूम मिळाल्यापासून वीस हजार फूट उंची गाठायला हरिकेन किंवा स्पिटफायरला पंधरा मिनिटांच्या आसपास लागत. म्हणजे शत्रू किनाऱ्यावर दिसल्यावर उड्डाण केले तर उशीर झालेलाच. सतत हवेत गस्त घालावी, तर पेट्रोल, इंजिने आणि माणसे आठवडाभरात संपतात. या दोन्हींतून सुटायला शत्रू पलीकडच्या तीरावर गोळा होत असतानाच कळायला हवे. ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी १९३६ पासून जे उभे केले ते यासाठीच.

किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यांच्या रडार केंद्रांना समुद्रावरचे दिसे, पण त्यांची पाठ जमिनीकडे होती. विमान किनारा ओलांडून आत आले की रडार आंधळे होई. तिथून पुढचे काम ऑब्झर्व्हर कोअरचे. हे दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन टेकड्यांवर बसलेले हजारो स्वयंसेवक, बहुतेक दुकानदार, शिक्षक, निवृत्त माणसे. रडारची सगळी माहिती आधी बेंटले प्रायरी इथल्या मुख्यालयातल्या चाळणी-कक्षात जाई. एकाच टोळीची तीन केंद्रांनी दिलेली तीन वेगळी ठिकाणे तिथे जुळवून एक केली जात, आणि मग ती गटाच्या व विभागाच्या कक्षांकडे जात. तिथे मोठ्या टेबलावर नकाशा असे आणि महिला हवाई दलातल्या मुली लांब काठ्यांनी त्यावर सोंगट्या सरकवत. भिंतीवरच्या घड्याळाची पाच-पाच मिनिटांची घरे लाल, पिवळी आणि निळी रंगवलेली होती. सोंगटीवरचा बाणही त्याच रंगाचा. त्यामुळे वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळे, की ही बातमी आत्ताची आहे की शिळी झाली. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते. शत्रू कुठे आहे याइतकेच, आपली माहिती किती जुनी आहे हे कळण्याला त्यांनी महत्त्व दिले.

जर्मन बाजूला हे उमगलेच नाही. १२ ऑगस्टला त्यांनी वाइट बेटावरचे व्हेंटनरचे रडार केंद्र बंद पाडले. पण तीनच दिवसांनी जर्मन हवाई दलाचे प्रमुख गोरिंग यांनी रडारवर हल्ले करत राहण्यात काय अर्थ आहे, अशी शंका काढली आणि तो नाद सोडून दिला. विभागीय केंद्रांवर बॉम्ब पडले, पण तिथल्या साध्या इमारतींत या जाळ्याच्या गाठी आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांतल्या बिगिन हिलवर ऑगस्टअखेरीस सलग मारा झाला. तिथल्या तीन महिलांना कामाची जागा न सोडल्याबद्दल मिलिटरी मेडल मिळाले, आणि नियंत्रण-कक्ष गावातल्या एका दुकानात हलवून काम सुरू राहिले.

विमानांचा तुटवडा होता, ही समजूतही तपासून पाहावी लागते. विमान-उत्पादन मंत्री बीव्हरब्रुक यांच्या कारखान्यांतून महिन्याला चार-पाचशे लढाऊ विमाने बाहेर पडत होती, जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त. टंचाई होती ती विमाने चालवणाऱ्यांची. २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या पंधरवड्यात १०३ वैमानिक मेले आणि १२८ गंभीर जखमी झाले. फळी होती सुमारे हजाराची, म्हणजे चौथाई हिस्सा दोन आठवड्यांत गेला. त्यांच्या जागी जी मुले आली, त्यांचे लढाऊ विमानांवरचे शिक्षण चार आठवड्यांवरून दोनवर आणले होते. त्यांतल्या अनेकांनी आधी हवेत बंदूक चालवलीच नव्हती. हरिकेनच्या पंखांतल्या आठही बंदुका सलग चालवल्या तर गोळ्या पंधरा सेकंदांत संपत. एवढ्यात नेम धरायला जुनी माणसेच लागत. ब्रिटनला एक सोय होती, ती त्याच्या भूगोलाची. पॅराशूटने उतरलेला ब्रिटिश वैमानिक केंटच्या शेतात उतरे आणि संध्याकाळी स्क्वाड्रनमध्ये परत येई. जर्मन वैमानिक उतरला की थेट कैदेत. मेसरश्मिट १०९ कडे लंडनवर लढायला दहाएक मिनिटांचेच इंधन उरे, तो भाग वेगळाच.

आकड्यांविषयी सावध राहायला हवे. १५ सप्टेंबरला १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांतून साठच्या आसपास निघाली. यात कुणी लबाडी केली असे नव्हे. धुरात पडणाऱ्या एका विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात आणि तिघेही प्रामाणिकपणे ते आपल्या नावे लावतात. हा फुगवटा महत्त्वाचा ठरला तो एका वादामुळे. दक्षिणेच्या ११ क्रमांकाच्या गटाचे प्रमुख, न्यूझीलंडचे कीथ पार्क, एकेक-दोनदोन स्क्वाड्रन तातडीने पुढे पाठवत, म्हणजे बॉम्बर विमानतळावर पोहोचण्याआधीच त्यांची फळी फुटेल. उत्तरेच्या गटाचे प्रमुख ली-मॅलरी आणि त्यांच्या हाताखालचे डग्लस बेडर म्हणत, की पाच स्क्वाड्रन एकत्र करूनच घाला घालावा. अशी ‘बिग विंग’ जमायला इतका वेळ लागे, की ती पोहोचेपर्यंत बॉम्ब पडलेले असत. पण तिचे दावे मोठे होते आणि वरिष्ठांना ते भावले. लढाई संपताच डाउडिंग आणि पार्क दोघांनाही बाजूला करण्यात आले. ज्यांनी ब्रिटन वाचवले त्यांना असे वागवणे हा मला त्या वर्षातला सर्वांत कृतघ्न निर्णय वाटतो. दोन वर्षांनी माल्टा बेटाची पाळी आली तेव्हा जुलै १९४२ मध्ये पार्क यांनाच तिथे धाडले गेले. त्यांनी तीच पद्धत लावली, म्हणजे बॉम्बर बेटावर येण्याआधी समुद्रावरच गाठायचे, आणि ती तिथेही चालली.

दिवसाचा हल्ला महाग पडला म्हणून जर्मन रात्री येऊ लागले, आणि इथे ब्रिटनची प्रसिद्ध व्यवस्था जवळजवळ निरुपयोगी ठरली. टेबलावरची सोंगटी वैमानिकाला शत्रूच्या काही मैलांपर्यंत नेऊ शके, पुढे तो स्वतःच्या डोळ्यांवर अवलंबून असे. अंधारात काही मैल म्हणजे काहीच नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री जळाले आणि पाचशेहून अधिक माणसे मेली, पण रात्री वर गेलेल्या लढाऊ विमानांना जवळपास काहीच हाती लागले नाही. त्या शरदापासून पुढच्या वसंतापर्यंत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक बॉम्बहल्ल्यांत मेले. ज्यांच्या शौर्याचे गुणगान आपण करतो, तेच वैमानिक तेच विमान घेऊन रात्री वर जात आणि काही न दिसल्याने परत येत. बोफायटर विमानात रडार बसले आणि १९४१ च्या सुरुवातीला जमिनीवरून त्याला वाट दाखवणारी नवी रडार केंद्रे सुरू झाली, तेव्हा कुठे जर्मनांचे नुकसान वाढू लागले. रात्र-वैमानिक जॉन कनिंगहॅम यांना गाजर खाऊन अंधारात दिसते, ही गोष्ट तेव्हाचीच. त्यांच्या मागे रडारचा पडदा पाहत बसणारे जिमी रॉन्स्ली होते, हे त्या वेळी सांगता येत नव्हते.

आता बाजू उलटी करू. जर्मन लढाऊ वैमानिकही आपली शहरे वाचवायला झुंजले. ती झुंज कोणत्या राजवटीसाठी होती हे विसरायचे नाही, पण लढाईचे गणित त्याने बदलत नाही. १७ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकेने रेगेन्सबुर्ग आणि श्वाइनफुर्टवर ३७६ बी-१७ पाठवली, ६० परतली नाहीत. १४ ऑक्टोबरला श्वाइनफुर्टवर पुन्हा २९१ पाठवली, पुन्हा ६० गेली. म्हणजे वीस टक्के. यानंतर साथीला लढाऊ विमाने नसताना जर्मनीत खोलवर जाणे अमेरिकेने थांबवले. वर सांगितलेली कसोटी लावली तर तो जर्मनीचा स्वच्छ विजय होता. रात्रीही तेच. हॅम्बुर्गवर जुलै १९४३ मध्ये ब्रिटिशांनी ॲल्युमिनियमच्या कागदाच्या पट्ट्या आकाशात सोडून जर्मन रडार आंधळे केले आणि शहरात तीस-चाळीस हजार माणसे जळून मेली. पण त्यानंतर जर्मन रात्र-वैमानिक सावरले. विमानाच्या पाठीवर वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा बसवून ते बॉम्बरच्या पोटाखालून अलगद येत. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गला निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परत आली नाहीत. ब्रिटिश बॉम्बर दलातली सव्वा लाखांपैकी ५५ हजारांहून अधिक माणसे त्या युद्धात मेली.

मग जर्मनी हरला कसा? एक कारण मस्टँग विमान, जादा इंधनाच्या टाक्या लावून बर्लिनपर्यंत सोबत जाणारे. पण त्याहून निर्णायक होता १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकी जनरल डूलिटल यांनी बदललेला हुकूम. लढाऊ विमानांनी बॉम्बरना चिकटून राहायचे नाही, पुढे जाऊन जर्मन लढाऊ विमाने हवेत आणि जमिनीवर शोधून मारायची. बॉम्बर आता आमिष झाले. जानेवारी ते मे १९४४ या पाच महिन्यांत जर्मनीने बावीसशेहून अधिक लढाऊ वैमानिक गमावले, म्हणजे सरासरी जेवढे हाताशी असत जवळपास तेवढेच. कारखान्यांतून मात्र विमाने वाढत्या संख्येने बाहेर पडत होती. १९४४ मध्ये त्यांचे उत्पादन शिगेला पोहोचले. पण वैमानिक शिकवायला पेट्रोल नव्हते, शिकवणारे आघाडीवर मेले होते, आणि नव्या मुलांना शत्रूच्या तुलनेत तिसरा हिस्सा तास हवेत मिळत. ब्रिटनची चार वर्षांपूर्वीची टंचाई अशी जर्मनीत अवतरली, फक्त तिथे ती कधी भरून निघाली नाही.

सोव्हिएत संघात वेगळाच प्रकार होता. ६-७ ऑगस्ट १९४१ च्या रात्री मॉस्कोजवळ व्हिक्टर तलालिखिनच्या गोळ्या संपल्या आणि त्याने आपले विमानच जर्मन बॉम्बरवर नेऊन आदळले. तो वाचला, तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या लढाईत गेला. साराटोव्हचे रक्षण करणारी ५८६ वी रेजिमेंट स्त्रियांची होती. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथल्या व्हॅलेरिया खोम्याकोव्हाने रात्री एक युंकर्स ८८ पाडले. जपानमध्येही धडक देण्याचे प्रयोग झाले, पण ते हतबलतेतून. बी-२९ जिथून उडत त्या उंचीवर बरीच जपानी विमाने धड पोहोचत नव्हती, आणि लष्कर व नौदल यांची हवाई दले एकमेकांशी नीट बोलत नव्हती. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर २७९ बी-२९ नी आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे एक लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. अमेरिकेची १४ विमाने गेली. इतका स्वस्त सौदा असताना हल्ले थांबतील कसे?

आपल्या भूमीचा अनुभव याच चौकटीत बसतो, आणि तो मराठी वाचकाला फारसा सांगितला जात नाही. ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा त्यांना अडवायला वर कुणी नव्हते. आदल्या दिवशी कोलंबोला रडार होते, हरिकेन होती, पण इशारा मिळालाच नाही आणि शत्रू डोक्यावर आल्यावर काही विमाने धावपट्टीवरून उठत होती. जाळ्यातली एक गाठ सुटली की बाकीच्याचा उपयोग नाही. २० डिसेंबर १९४२ पासून कोलकात्यावर रात्रीचे हल्ले सुरू झाले. बॉम्ब फार नव्हते, घबराट प्रचंड होती, लाखो लोक शहर सोडून निघाले. मैदानालगतचा रेड रोड धावपट्टी झाला. जानेवारीत डमडमला रडारवाली बोफायटर विमाने आली आणि १५ जानेवारी १९४३ च्या रात्री सार्जंट प्रिंग या वैमानिकाने काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडले. मूठभर विमानांच्या हल्ल्यातली तीन! रात्रीचे हल्ले मग जवळपास बंदच झाले. जपानला ती किंमत परवडणारी नव्हती.

भारतीय वैमानिकही ब्रिटनमध्ये होते. १९४० च्या शरदात २४ जणांची तुकडी तिथे पोहोचली. त्यांतले महिंदरसिंग पुजी पगडी न काढता हरिकेन उडवत, जादा पगडी सोबत ठेवत, आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. ब्रिटनच्या लढाईच्या अधिकृत तारखा ३१ ऑक्टोबरला संपत असल्याने, तिच्यात लढलेल्या ज्यांना ‘थोडके’ (‘द फ्यू’) म्हणून गौरवले जाते त्यांत त्यांची गणना होत नाही, हा कागदी तपशील.

श्रीनगरचे १४ डिसेंबर १९७१ हे उदाहरण मात्र प्रत्येकाला माहीत आहे, तरी त्यातली एक बाजू निसटते. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्ध सुरू होईपर्यंत तिथे लढाऊ विमाने ठेवलेलीच नव्हती. वैमानिकांना तो भूभाग आणि ती थंडी दोन्ही नवी. भोवती डोंगर, त्यामुळे सहा पाकिस्तानी सेबर विमाने येत असल्याची सूचना उशिरा. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखोंचे नॅट धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उडाले आणि ते एकटेच त्या टोळीत शिरले. त्यांना परमवीरचक्र मिळाले, भारतीय हवाई दलातले आजवरचे एकमेव. इशारा वेळेवर मिळाला असता तर ते वर, उंचीवर, जोडीदारासह असते. शौर्याची इतकी गरज पडावी ही कुठल्याही बचावव्यवस्थेतली त्रुटी असते, हे म्हणणे सेखोंच्या पराक्रमाला बाधा आणत नाही.

या वैमानिकांची सद्दी कुठे संपते, हेही दुसऱ्या महायुद्धातच दिसले होते. जून १९४४ पासून लंडनवर येणाऱ्या व्ही-१ या उडत्या बॉम्बना टेम्पेस्ट विमाने पाठलाग करून पाडत. काही वैमानिक आपला पंख त्याच्या पंखाखाली नेऊन त्याला कलंडवत. ८ सप्टेंबरला व्ही-२ क्षेपणास्त्रे आली. आवाजाहून वेगवान असल्याने ती आदळल्यावर मगच कळे, आणि त्यांच्यापुढे एकही लढाऊ वैमानिक काही करू शकत नव्हता. इलाज एकच होता, ती सोडण्याच्या जागाच सैन्याने काबीज करणे.

युक्रेनमध्ये आज दोन्ही प्रकार एकाच रात्री येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिनित्सियाजवळ वादिम व्होरोशिलोव्ह या वैमानिकाने शाहेद ड्रोन पाडले, त्यांतल्या एकाच्या अवशेषांनी त्याचे मिग-२९ जायबंदी झाले आणि त्याला उडी टाकावी लागली. विमानाच्या मानाने कितीतरी स्वस्त यंत्रापोटी एक विमान गेले. २६ ऑगस्ट २०२४ ला मोठा क्षेपणास्त्र हल्ला अडवताना ओलेक्सी मेस हा एफ-१६ चा वैमानिक मारला गेला. एफ-१६ वर पूर्ण तयार झालेले युक्रेनी वैमानिक तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. किमतीचे गणित आता हल्लेखोराच्या बाजूने झुकले आहे, आणि ते परत फिरवायला युक्रेनने जे उपाय काढले ते पाहण्यासारखे आहेत. ओडेसाकडे सोव्हिएत काळातली याक-५२ ही पंख्याची प्रशिक्षण विमाने वर जातात, मागच्या खुर्चीतला माणूस हातातल्या बंदुकीने ड्रोन पाडतो. आणि देशभर खांबांवर हजारो मायक्रोफोन लावले आहेत. ड्रोनच्या इंजिनाचा आवाज टिपून ते कोणत्या दिशेने चालले आहे हे ठरवतात, आणि खाली ट्रकवर बंदूक घेऊन बसलेल्यांना काही मिनिटे आधी कळवतात.